घरी बांधलेल्या ॲम्पचं हमिंग: कपॅसिटर वाढवण्याआधी हे तपासा

किट जोडून झालं, गाणं वाजलं, आवाजही मोकळा आला. पण गाणं थांबवलं की स्पीकरमधून 'भूंऽऽ' चालूच. दुकानात विचारलं तर एकच उत्तर मिळतं: फिल्टर कपॅसिटर वाढवा. मग 4700 मायक्रोफॅरडच्या जागी 10000 बसतात, दोनाचे चार होतात, आणि भूं तिथल्या तिथे. कधी कधी तर ते आधीपेक्षा करकरीत होतं, आणि त्यालाही कारण आहे. ते पुढे येईल.

उदाहरणासाठी घरोघरी बनणारा ॲम्प घेऊ: टीडीए 2030 चे दोन आयसी, 12-0-12 चा 3 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड), 4700 मायक्रोफॅरड 35 व्होल्टचे दोन कपॅसिटर, 50 के चा व्हॉल्यूम पॉट, 4558 आयसीचा बास-ट्रेबलचा टोन बोर्ड, पुढे यूएसबी-ब्लूटूथ किट आणि सगळं एका पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये. एलएम 3886 किंवा टीडीए 7294 असला तरी तपासाचा क्रम हाच.

हात घालण्याआधी

वायरिंग हलवायच्या आधी प्लग काढा आणि दोन्ही मोठ्या कपॅसिटरवर 100 ओहम 5 वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करण्यात कपॅसिटरचं टर्मिनल जळतं. बदल केल्यानंतर पहिल्यांदा चालू करताना फेजमध्ये 60 वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घ्या. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. स्पीकर जोडण्याआधी प्रत्येक आउटपुटवर डीसी मोजा. 50 मिलिव्होल्टच्या आत हवा. तिथे पूर्ण 16 व्होल्ट दिसत असताना स्पीकर लावला तर व्हॉइस कॉइल गेली.

हमिंग ऐकताना मात्र बल्ब काढून टाका. बल्बमुळे व्होल्टेज पडतं आणि जे ऐकू येतं ते खरं नसतं.

आवाज कुठल्या जातीचा आहे

आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. फुल-वेव्ह ब्रिजमधून बाहेर पडणारा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लाट, 100 हर्ट्झची. म्हणून स्पीकरमधला सूर 50 चा की 100 चा, एवढं कळलं तरी निम्मा तपास होतो. मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, चांगल्या इअरफोनमध्ये आधी 50, मग 100 वाजवा आणि जुळवून पाहा. सूर ओळखणाऱ्यांसाठी: 100 हर्ट्झ हा मंद्रातल्या पांढरी पाचपेक्षा किंचित चढा, आणि 50 हे त्याचंच खालचं सप्तक. स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप वापरत असाल तर 50 च्या रेषेवर विसंबू नका. लहान स्पीकर ती वाजवत नाही आणि मोबाइलचा माइक ती पकडत नाही. 150, 250 अशा रेषा ठळक असतील तर मूळ 50 चं आहे. 100, 200, 300 दिसत असतील तर सप्लायकडून येतंय.

गोल, मऊ 50 म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र, उघडी इनपुट वायर किंवा बाहेरच्या उपकरणाबरोबर झालेला ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंडच्या तारांचं बंद वर्तुळ. करकरीत 100 म्हणजे बहुतेक वेळा चार्जिंगचा प्रवाह ग्राउंडच्या तारेत शिरलाय. अपवाद एकच: ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडला तर रिपलच 50 चा होतो. डायोड मीटरने तपासायला दोन मिनिटं लागतात, तेवढं आधी करून टाका.

'टिर्रर्र', 'किटकिट', गाणं बदलताना चिवचिव हे हमिंग नव्हे. त्याचा पत्ता यूएसबी किटच्या जवळपास आहे.

व्हॉल्यूम फिरवा, मग इनपुट शॉर्ट करा

व्हॉल्यूम पूर्ण कमी, मध्ये आणि पूर्ण, तिन्ही ठिकाणी ऐका. फरकच पडत नसेल तर दोष पॉटच्या पुढे आहे: पॉवर ॲम्प, सप्लाय, ग्राउंड. व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर पॉटच्या आधी: टोन बोर्ड, किट, केबल. तिसरा प्रकार लोकांना चक्रावतो. हमिंग पॉट अर्ध्यापेक्षा थोडा पुढे असताना सर्वात जास्त आणि दोन्ही टोकांना कमी असतं. पॉटच्या मधल्या पायाचा इम्पीडन्स विद्युतदृष्ट्या मध्यावर सर्वाधिक असतो, 50 के च्या पॉटला साधारण 12.5 के. लॉग पॉटमध्ये हा मध्य घड्याळाच्या तीनच्या काट्याजवळ येतो. तिथे हमिंग वाढलं म्हणजे मधल्या पायापासून आयसीकडे जाणारी वायर उघडी आहे किंवा तिचं शील्ड जोडलेलंच नाही.

व्हॉल्यूम शून्यावर आणूनही गाणं बंद होत नाही आणि भूं मोठं आहे? पॉटचा ग्राउंडचा पाय सुटलाय. ड्राय सोल्डर पाहा.

आता एक जुना आरसीए प्लग घ्या, मधली पिन आणि बाहेरची रिंग आतून तारेने जोडा. हा शॉर्टिंग प्लग इनपुटला लावा. भूं गेलं तर दोष बाहेर आहे. राहिलं तर पॉवर बोर्डकडे येणारी सिग्नलची वायर काढा आणि बोर्डाच्या इनपुटच्या दोन टर्मिनलमध्येच इंचभर तार टाका. आता शांत झालं तर पॉट आणि टोन बोर्डाची वायरिंग दोषी. अजूनही राहिलं तर बोर्ड, सप्लाय आणि स्टार ग्राउंड (सगळी ग्राउंडं एकत्र येतात तो बिंदू), एवढंच क्षेत्र उरतं. स्पीकरकडून मागे मागे असं एकेक घर बंद करत जायचं. मधूनच एखादी वायर बदलून पाहण्यात दिवस जातो आणि काय केल्याने काय झालं ते कळत नाही.

खरा गुन्हेगार: ग्राउंडची तार

आकडे मांडून बघू. गाणं बंद असताना टीडीए 2030 चे दोन आयसी मिळून प्रत्येक रेलवर (प्लस आणि मायनस सप्लायच्या तारेवर) साधारण 0.1 अँपिअर घेतात. 4700 मायक्रोफॅरडवर त्याचा रिपल जास्तीत जास्त 0.2 व्होल्ट. आयसी स्वतः रिपल दाबतो, साधारण 50 डीबी, म्हणजे सुमारे 300 पट. स्पीकरवर एक मिलिव्होल्टही पोहोचत नाही. ते कुणालाही ऐकू येणार नाही. म्हणजे कपॅसिटर पुरेसा आहे.

पण कपॅसिटर सतत भरत नसतो. प्रत्येक अर्ध्या चक्राच्या शिखराला, अगदी थोडा वेळ, झटक्याने भरतो. सरासरी 0.1 अँपिअर असला तरी त्या क्षणी प्रवाह पाऊण अँपिअरच्या घरात जातो. गाणं मोठ्याने वाजत असेल तर तो कितीतरी अँपिअरवर जातो. दुहेरी सप्लायमध्ये हा झटका दोन कपॅसिटरना जोडणाऱ्या मधल्या तारेतून धावतो. ही तार 0.5 चौरस मिलिमीटरची आणि 10 सेंटिमीटर लांब असेल तर तिचा रेझिस्टन्स 3.5 मिलिओहम. पाऊण अँपिअरला तिच्या दोन टोकांमध्ये अडीच मिलिव्होल्टच्या आसपास पडतात.

आता समजा, इनपुटचं ग्राउंड या तारेच्या एका टोकाला सोल्डर केलंय आणि आयसीच्या फीडबॅकचं ग्राउंड दुसऱ्या टोकाला. आयसीच्या दृष्टीने ते अडीच मिलिव्होल्ट म्हणजे सिग्नल. 22 के आणि 680 ओहमच्या नेहमीच्या सर्किटला गेन 33 पट. स्पीकरवर 80 मिलिव्होल्ट. रात्री शांत खोलीत हे दुसऱ्या टोकाच्या माणसालाही ऐकू जातं. आयसीने दाबलेल्या रिपलपेक्षा शंभरपट मोठं, आणि कपॅसिटर वाढवून जाणारं नाही. उलट मोठा कपॅसिटर कमी वेळात भरतो, झटका अरुंद आणि उंच होतो, त्यात वरचे हार्मोनिक वाढतात. भूं करकरीत होतं ते याच्यामुळे.

उपाय स्वस्त आहे, पण वायरिंग उकलावं लागतं:

– दोन कपॅसिटर शेजारी ठेवा. एकाचा मायनस आणि दुसऱ्याचा प्लस जाड, आखूड तारेने किंवा तांब्याच्या पट्टीने जोडा.
– ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप थेट या पट्टीला. तिथे दुसरं काहीही जोडायचं नाही.
– पट्टीच्या मध्यापासून दोन-तीन सेंटिमीटरची जाड तार बाहेर काढा. तिचं टोक हा स्टार. बाकीची सगळी ग्राउंडं इथे येतील.
– स्टारला स्पीकरच्या दोन्ही परतीच्या तारा स्वतंत्रपणे आणा. बोर्डावरच्या ग्राउंडवरून नेऊ नका. प्रत्येक पॉवर बोर्डाचं पॉवर ग्राउंड वेगळ्या तारेने.
– इनपुटचं ग्राउंड, आयसीच्या पहिल्या पायावरच्या 22 के चं ग्राउंड आणि 680 ओहमखालच्या 22 मायक्रोफॅरडचं ग्राउंड ही तिन्ही बोर्डावर एकाच बिंदूला हवीत, आणि तिथून स्टारकडे एकच तार.

तयार बोर्डावर शेवटची अट बहुतेक वेळा पाळलेली नसते. ट्रॅकचा मागोवा घ्या. 680 खालचा कपॅसिटर जर सप्लायच्या ग्राउंड ट्रॅकला मध्येच कुठेतरी भेटत असेल तर ट्रॅक ब्लेडने तोडा आणि जंपर टाका. दोन चॅनेलचे बोर्ड असतील तर आणखी एक फास असतो: दोन्ही बोर्डांची ग्राउंडं स्टारला जोडलेली, आणि स्टिरिओ पॉटवर दोन्ही शील्डं पुन्हा एकमेकांना जोडलेली. एक बंद वर्तुळ तयार झालं. दोन्ही शील्डेड वायर एकमेकांना पीळ देऊन, चिकटवून न्या. वर्तुळाचं क्षेत्रफळ कमी झालं की त्यात शिरणारं भूंही कमी होतं. तेवढ्याने भागत नसेल तर बोर्डाच्या इनपुट ग्राउंड आणि पॉवर ग्राउंडमध्ये थेट तारेऐवजी 10 ओहमचा रेझिस्टर घाला. चांगल्या तयार बोर्डांवर तो आधीच असतो.

सप्लायमध्येच दोष असेल तर

असतो, पण कमी वेळा. जुन्या टीव्हीतून काढलेले सुकलेले कपॅसिटर, किंवा वर 4700 छापलेला आणि आत त्याच्या चौथाई असलेला माल. संशय असेल तर बंद करून, डिस्चार्ज करून, खात्रीचा एक 4700/35 समांतर लावून पाहा. पोलॅरिटी उलटी झाली तर तो फुटतो. लावल्यावर गाणं मोठं असतानाची घरघर थांबली तर जुना कपॅसिटर बाद.

स्वस्तातल्या 830 मॉडेलच्या मल्टिमीटरने रिपल मोजू नका. एसीची सर्वात खालची रेंज 200 व्होल्टची, शिवाय त्या रेंजवर मीटर डीसी अडवत नाही, त्यामुळे 16 व्होल्टच्या रेलवर तो तीस-पस्तीस किंवा शून्य असं काहीही दाखवेल. लोक घाबरून ब्रिज बदलतात.

रेलचा डीसी मात्र नक्की मोजा. 12-0-12 वर ±16 अपेक्षित आहे. पण लोड नसताना ट्रान्सफॉर्मर साडेतेरा देतो आणि रात्री लाइन 250 ला पोहोचली की ±18 च्या वर जातं. साध्या टीडीए 2030 ची कमाल मर्यादा ±18 आहे, ए लिहिलेल्याची ±22. ए नसलेला बसवला असेल तर हमिंगच्या आधी आयसीची चिंता करा. आणि मायका, म्हणजे आयसी आणि हीटसिंकमधली इन्सुलेशनची पातळ चकती: या आयसीची मागची पट्टी ग्राउंड नाही, मायनस रेल आहे. मायका फाटला असेल तर हीटसिंक आणि त्यातून पत्रा मायनसला लागतो.

सिग्नल नसताना हीटसिंक चटका देतोय आणि सोबत भूं आहे? आयसी ऑसिलेट होतोय, म्हणजे स्वतःच कंपनं तयार करतोय. आउटपुटवरचे 1 ओहम आणि 0.22 मायक्रोफॅरड जागेवर आहेत का, सप्लायच्या पायांजवळ 104 चे (0.1 मायक्रोफॅरडचे) कपॅसिटर आहेत का, ते पाहा.

ट्रान्सफॉर्मर

आधी ठरवा, आवाज स्पीकरमधून येतोय की ट्रान्सफॉर्मरच्या अंगातून. स्पीकर काढूनही गुणगुण ऐकू येत असेल तर ती कोअरच्या पट्ट्यांची आहे. स्क्रू आवळा, खाली रबर द्या, त्याचा सर्किटशी संबंध नाही.

स्पीकरमधला मऊ 50 असेल तर ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढा, वायर लांब करा आणि बॉक्सबाहेर फूटभर अंतरावर ठेवून ऐका. प्रत्येक वेळी हलवताना प्लग काढून. भूं गेलं तर बॉक्समध्ये जागा चुकली. ट्रान्सफॉर्मर एका कोपऱ्यात आणि इनपुट तिरक्या विरुद्ध कोपऱ्यात, मध्ये निदान 15 सेंटिमीटर. तेवढी जागा नसेल तर ट्रान्सफॉर्मर 90 अंशांत फिरवून बघा. नेहमीच्या पट्ट्यांच्या (ईआय) कोअरचं क्षेत्र सगळ्या दिशांना सारखं नसतं, नुसत्या फिरवण्याने कमाल फरक पडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेताना तांब्याचं वाइंडिंग मागा आणि वजन हातात घेऊन बघा. हलक्या मालात कोअर कमी असतो, लाइन चढली की सॅच्युरेट होतो आणि आजूबाजूला क्षेत्र पसरवतो.

टोरॉइड (गोल कड्यासारखा ट्रान्सफॉर्मर) घेतलात तर हमिंग बरंच कमी, पण मधल्या बोल्टची दोन्ही टोकं पत्र्याला लागू देऊ नका. तो एक शॉर्ट झालेला वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

स्पर्शाची चाचणी

पॉटच्या धातूच्या अंगाला बोट लावलं की भूं कमी होतं? पॉटची बॉडी ग्राउंड नाही. बॉडी घासून सोल्डर धरेल अशी करा आणि पॉटच्या ग्राउंड पायाला जोडा. पॉट पत्र्यावर बसवलेला असेल तर ही तार टाकू नका; पत्रा ग्राउंड असला की बॉडी आपोआप होते, आणि दोन्हीकडून जोडलं तर नवा लूप. पत्र्याला हात लावल्यावर कमी होत असेल तर पत्राच कुठे जोडलेला नाही. हा हात फक्त खोक्याचं झाकण लावलेलं असताना, पॉट आणि पत्र्यापुरता.

याच कारणाने आरसीए सॉकेट पत्र्यापासून फायबर वॉशरने अलग ठेवायची. सिग्नलचं ग्राउंड पत्र्याला एकाच जागी भेटलं पाहिजे.

टोन बोर्ड आणि यूएसबी किट

4558 च्या बोर्डाला सप्लायच्या दोन तारा आणि सिग्नलच्या शील्डेड वायर, दोन्हीतून ग्राउंड जातं. म्हणजे पॉवरचा परतीचा प्रवाह शील्डमधूनही वाहतो. सप्लायचं ग्राउंड ठेवा आणि पुढच्या पॉवर बोर्डाकडे जाणाऱ्या वायरचं शील्ड एकाच टोकाला जोडा, पॉवर बोर्डाच्या टोकाला मोकळं. काही बोर्डांवर उलटं बरं चालतं. दोन्ही करून बघायला पाच मिनिटं लागतात. बोर्डाच्या सप्लायला 100 ओहम आणि 470 मायक्रोफॅरडचा फिल्टर घातला की उरलेली घरघरही जाते.

यूएसबी-ब्लूटूथ किट हा सगळ्यात चिवट पाहुणा. त्याच्या प्रोसेसरचा तुटक प्रवाह सामाईक ग्राउंडमधून जातो आणि किटकिट होते. 7805 (5 व्होल्टचा रेग्युलेटर) बदलून, त्यावर कपॅसिटरांची रांग लावून ही जात नाही. किटचं ग्राउंड सप्लायकडून तोडावंच लागतं. नुसतं ब्लूटूथ वापरत असाल तर बी0505एस हा 1 वॅटचा आयसोलेटेड कन्व्हर्टर 5 व्होल्टवर घाला. 200 मिलिअँपिअर देतो. पेनड्राइव्ह लावणार असाल तर तो अपुरा पडतो. मग वेगळा 5 व्होल्टचा चार्जर, किंवा आउटपुटवर छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मरने खालचा बास थोडा पातळ होतो, पण शांतता मिळते.

बाहेरून येणारं

शॉर्टिंग प्लगने ॲम्प शांत, पण लॅपटॉप जोडला की बझ. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गेलं तर दोन पिनच्या चार्जरमधल्या लहान कपॅसिटरमधून येणारी गळती ऑडिओ केबलच्या शील्डमधून परततेय. लॅपटॉपच्या धातूवर बोट फिरवताना मुंग्या येतात ती हीच. तीन पिनचा चार्जर किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर येत असेल तर डिशची किंवा केबलची कोॲक्स क्षणभर काढा. पंखा बंद केल्यावर करकर थांबत असेल तर रेग्युलेटर जुन्या ट्रायॅकचा आहे. टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवा.

या सगळ्यात एक उपाय हमखास सुचवला जातो: तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन तोडा. भूं जातंही. पण पत्र्याच्या बॉक्समध्ये 230 व्होल्टची वायर सुटून पत्र्याला लागली तर फ्यूज उडवायला रस्ताच उरत नाही. अर्थची तार पत्र्याला स्वतंत्र बोल्टने, दात्याच्या वॉशरसह घट्ट बसवा आणि तिला हात लावू नका. तोडायचा तो दुवा स्टार आणि पत्रा यांच्यातला: तिथे थेट तारेऐवजी 10 ओहम 5 वॅट, त्याला समांतर 0.1 मायक्रोफॅरड आणि समांतर 35 अँपिअरचा ब्रिज. ब्रिजचे प्लस-मायनस एकमेकांना जोडायचे, एसीचा एक पाय स्टारला, दुसरा पत्र्याला. भूंसारखे काही मिलिव्होल्ट 10 ओहमवर अडतात. काही बिघाड झालाच तर ब्रिज मोठा प्रवाह वाहून नेतो आणि फ्यूज उडतो.

अर्थात भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग असेल तर. मीटरने पाहा: फेज ते अर्थ 230 च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ शंभर-दीडशे दाखवत असेल तर अर्थ तरंगतंय, आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं काम आहे. कोळसा-मिठाच्या जुन्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं राहून गेलं की असं होतं.

4440 वाल्यांसाठी

सिंगल सप्लायचा एलए 4440 असेल तर झटक्याची तार वेगळी: ब्रिजच्या मायनसपासून कपॅसिटरच्या मायनसपर्यंतची. ग्राउंड घ्यायचं ते कपॅसिटरच्या पायावरून, ब्रिजवरून कधीच नाही. या आयसीला तीन ग्राउंड पाय आहेत, 8 आणि 14 पॉवरचे, 3 प्रीॲम्पचा. इनपुटचं शील्ड 3 ला जोडा, स्पीकर आणि सप्लाय 8 आणि 14 ला. बाजारातल्या बऱ्याच बोर्डांवर तिन्ही एकाच बारीक ट्रॅकवर असतात. 3 नंबरचा ट्रॅक तोडून कपॅसिटरपर्यंत वेगळी तार नेली की निम्म्याहून जास्त भूं तिथेच संपतं. पाचव्या पायावरचा रिपल फिल्टरचा कपॅसिटर सुकलेला असला तर उरलेलं तिथून येतं. तो 220 मायक्रोफॅरडचा नवा घाला.